मामंजींच्या नावाची पाटी

प्रिय ईरा आणि निखिल,

हे मी मराठीत लिहिते आहे. तुम्हाला ते वाचता येणार नाही, तुमचे बाबा वाचून दाखवतील. माझा मुलगा लहानपणापासून भिडस्त आहे, तेव्हा मधला काही भाग तो पुटपुटत वाचेल किंवा सरळ गाळेल. गाळला तर तुम्हाला लगेच कळेल, कारण तो भाग काढल्यावर या गोष्टीत सांगण्यासारखं काही राहत नाही.

आत्ताच का लिहिते आहे, तर ईरा, तू शाळेसाठी लिहिलेला निबंध मला पाठवलास म्हणून. तुमच्या भागात दीडशे वर्षांपूर्वी एका बाईनं मुलींसाठी शाळा काढली, गाव तिच्या विरोधात गेलं, पण ती डगमगली नाही. छान लिहिलं आहेस. शेवटी तू लिहिलंस, 'माझ्या आजीनंही भारतात अशीच शाळा काढली', आणि खाली मला तीन प्रश्न विचारलेस. तुझं स्वप्न काय होतं? विरोध कोणी केला? तुझं सर्वांत मोठं यश कोणतं? गंमत म्हणजे इथल्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांनीही जवळजवळ हेच विचारलं. म्हणून दोघांचं काम एकाच कागदावर उरकते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर, मला स्वप्न वगैरे पडलं नव्हतं. दुसऱ्याचं, विरोध कोणीही केला नाही. तिसऱ्याचं उत्तर शेवटी येईल आणि ते तुझ्या निबंधात शोभणार नाही.

बासष्ट साली लग्न होऊन मी पुण्याहून पिंपरीला आले. तुमचे आजोबा यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनियर होते आणि आम्हाला कॉलनीत दोन खोल्या मिळाल्या होत्या. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते, वर शिक्षिकेची पदवी होती, आणि या दोन्हींचा उपयोग धोब्याची यादी इंग्रजीत लिहिण्यापलीकडे होत नव्हता. चार वर्षांनी, एका मे महिन्यात, आजोबांच्या खात्यातला एक फिटर आपल्या मुलीला घेऊन दारात आला. राहायला काळेवाडीला. मुलीचं नाव सुमन. तिच्या हातात सातवीची गुणपत्रिका होती.

"मॅडम, पहिली आली," तो म्हणाला. "आता हिचं काय करू?"

प्रश्न सरळ होता. काळेवाडी, रहाटणी ही गावं पवनेच्या पलीकडे. तिथल्या शाळा सातवीपर्यंत. पुढे शिकायचं तर नदी ओलांडा, रेल्वे ओलांडा, ट्रकांनी वाहणारा हायवे ओलांडा. मुलगे ओलांडत. मुली सातवीच्या निकालापर्यंत येत आणि तिथून थेट मांडवात जात. मला उत्तर सुचेना. उत्तर सुचलं नाही की मी यादी करते. संध्याकाळी आजोबा घरी आले तेव्हा 'शाळेस लागणाऱ्या गोष्टी' अशी यादी टेबलावर होती. त्यांनी ती वाचली आणि विचारलं, "यात चहा कुठाय?" एवढीच काय ती घरातली चर्चा.

आता विरोधाबद्दल. शाळा काढायला आधी संस्था लागते आणि संस्थेला सात माणसांच्या सह्या लागतात. मला त्या एका दुपारी मिळाल्या. रहाटणीचे आप्पासाहेब, गावातले मोठे जमीनदार, अध्यक्ष झाले. त्यांनी शाळेसाठी माळावरची जागा दिली. बाभळी आणि दगड यांखेरीज तिथं कधी काही आलं नव्हतं. "जिथं कुसळ उगवलं नाही तिथं आता विद्या उगवेल," असं ते भूमिपूजनाला म्हणाले आणि टाळ्या झाल्या. स्त्रीशिक्षणाच्या विरुद्ध बोलणारा माणूस मला त्या सबंध पट्ट्यात भेटला नाही. ईरा, तुझ्या निबंधातल्या बाईला निदान समोर कोण उभं आहे ते दिसत होतं. माझ्या समोर कोणीच नव्हतं. सगळे माझ्या बाजूला उभे होते, आणि इतके दाटून की मला हलता येत नव्हतं.

जमिनी नुकत्याच कारखान्यांना गेल्या होत्या. गावात बैलजोड्या गेल्या आणि मोटारसायकली आल्या. हातात पैसा आला की माणसाला आपले गेलेले आईवडील आठवतात, आणि ते इतरांनाही आठवावेत असं वाटतं. त्यासाठी आपल्याकडे एक सोय आहे. संस्थेला वस्तू द्यायची आणि तिच्यावर नाव घालायचं, 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ'. तुम्ही इथं आलात की देवळाच्या पायरीवर, स्मशानातल्या बाकावर, पंख्याच्या पात्यावर ही नावं पाहता आणि हसता. हसू नका, या नावांवर या देशातल्या निम्म्या संस्था उभ्या आहेत. फक्त नाव कुठे शोभेल ते देणारा ठरवतो.

आमच्या शाळेला पहिल्या वर्षात भिंतीवरची पाच घड्याळं मिळाली. पाच मातोश्रींच्या स्मरणार्थ. वर्गखोल्या दोन होत्या. कुणाची मातोश्री कपाटात ठेवायची हा प्रश्न सुटेना, म्हणून आम्ही पाचही घड्याळं एकाच भिंतीवर लावली. त्यांतली दोन कधीच चालली नाहीत आणि उरलेली तीन एकमेकींशी बोलत नसल्यासारखी चालत. शाळा भरायची आणि सुटायची ती कारखान्याच्या भोंग्यावर.

मग कमान आली. आप्पासाहेबांनी वडिलांच्या स्मरणार्थ सिमेंटची कमान बांधून दिली, वर दोन मोर. कुंपण नव्हतं. मोकळ्या माळावर नुसतीच कमान. काळेवाडीहून येणारी पायवाट मागच्या बाजूनं होती, म्हणून मुली मागूनच येत. कमानीखालून फक्त आप्पासाहेब जात, पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला.

बाक कुणीच दिले नाहीत, कारण बाकावर मुली बसतात आणि नाव झाकलं जातं. ते आजोबांनी मिळवले. परदेशातून यंत्रं ज्या लाकडी खोक्यांत यायची त्या फळ्या कारखान्यात पडून असत. सुमनच्या वडिलांनी आणि त्यांच्या दोन सोबत्यांनी रविवारी येऊन त्यांचे बाक केले. फळ्यांवर काळ्या इंग्रजी अक्षरांत सूचना होत्या. 'ही बाजू वर', 'ओलावा लागू देऊ नये'. माझ्या मुली इंग्रजी वाचायला पुस्तकाच्या आधी बाकावरून शिकल्या. 'नाजूक वस्तू, जपून हाताळा' असं लिहिलेल्या बाकावर वर्गातल्या तीन सर्वांत दांडग्या मुली बसायच्या. त्यांनी हट्टानं तो मागून घेतला होता.

पहिल्या जूनमध्ये अठरा मुली आल्या. त्या आपणहून आल्या नाहीत. मी सायकलवरून घरोघर फिरले. एका गृहस्थांनी मला ओसरीवर बसवून चहा पाजला आणि हिशेब समजावला. "मुलगी आठवी झाली की जावई दहावीचा बघावा लागतो. ती दहावी झाली की जावई ग्रॅज्युएट. तुम्ही शिकवून मोकळ्या व्हाल, बाई. महाग जावई मला पडेल." मी म्हटलं, "मग मुलीला फी कमी करू आणि जावयाला सूट देऊ." ते हसले नाहीत. मुलगी मात्र दाराआडून हसली आणि दुसऱ्या दिवशी शाळेत आली. तिनं वडिलांना काय सांगितलं ते मी कधी विचारलं नाही.

आता धंद्याची गोष्ट. तुम्हाला वाटतं शाळा म्हणजे इमारत, शिक्षक, मुलं. तसं नसतं. शाळा म्हणजे एक कागद. त्याला मान्यता म्हणतात. शिक्षण खात्याचे तपासनीस वर्षातून एकदा येतात, पाहतात आणि शेरा लिहितात. शेरा बरा असेल तर पुढच्या वर्षाची मान्यता मिळते. ती नसेल तर तुमच्या मुली कितीही शिकलेल्या असोत, सरकारच्या लेखी त्या माळावर बसल्या होत्या. त्या काळी मॅट्रिक अकरावीला असे. आमची पहिली तुकडी अकरावीला पोचेपर्यंत मान्यता टिकवणं, एवढंच माझं ध्येय होतं. ज्याला तू स्वप्न म्हणतेस ते.

तिसऱ्या वर्षी आमच्याकडे आठवी, नववी, दहावी मिळून बासष्ट मुली होत्या. मी फार व्यवस्थित मुख्याध्यापिका होते. हजेरीपट, आवक-जावक, खडूंची नोंद, सगळं चोख. आणि दोन गोष्टी मी इतक्या व्यवस्थितपणे चुकले की अजून आठवलं की कानशिलं तापतात.

एक गोष्ट पाण्याची. कुणाच्या तरी काकूंच्या स्मरणार्थ आम्हाला पाणपोई मिळाली होती, दोन रांजण आणि पितळी ओगराळं. मुली त्यातलं पाणी पीत नसत. रांजण सकाळी भरले तसे संध्याकाळी भरलेले. मी विचार केला. वर्गात गावातल्या पाटलांच्या मुली होत्या, काळेवाडीच्या बौद्ध कामगारांच्या मुली होत्या, मराठवाड्यातून आलेल्या होत्या. मला वाटलं, हे जुनंच दुखणं. एका रांजणाचं पाणी कुणाला चालत नाही. मी शिकलेली बाई, मला कारण लगेच सापडलं. सगळ्यांना माळावर बसवून मी समतेवर पाऊण तास भाषण दिलं. मार्च महिना होता. बासष्ट मुलींनी कोरड्या घशानं ते ऐकलं. भाषण संपल्यावर मी स्वतः ओगराळं भरून सुमनला दिलं, तिनं ते आप्पासाहेबांच्या मंदाला दिलं, मंदानं शेजारणीला. ओगराळं बासष्ट हातांतून फिरून जवळजवळ भरलेलं माझ्याकडे परत आलं. शिवाशिवीचा मागमूस नव्हता आणि कुणी घोटही घेतला नव्हता. मला तेव्हाही काही कळलं नाही.

दुसरी गोष्ट डब्याची. दुपारच्या भोंग्याला चाळीसेक मुली डबे घेऊन निघत. वडील पाळीवर आहेत, डबा पोचवायचा आहे. त्यांतल्या बहुतेकजणी त्या दिवशी परत येत नसत. मी चिडले नाही. कामगारवस्तीतली शाळा आहे, समजून घेतलं पाहिजे, असं मी स्वतःला सांगितलं. हजेरीपटात त्यासाठी मी वेगळी खूण ठरवली, 'ड'. तांबड्या शाईनं. रकाने सुंदर दिसत.

त्या वर्षीचे तपासनीस दुपारी दोनला आले. बारीक चणीचे, घसा खाकरून बोलणारे गृहस्थ. त्यांनी हजेरीपट पाहिला, मग वर्ग पाहिले.

"सकाळी बासष्ट."

"हो."

"आत्ता एकवीस. हे 'ड' म्हणजे काय?"

"डबा. वडिलांना डबा द्यायला जातात." मी अभिमानानं सांगितलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "बाई, इथल्या कारखान्यांत कॅन्टीन नसतं का?"

आजोबा गेली सात वर्षं त्याच कॅन्टीनच्या उसळीला नावं ठेवत होते.

"दुपारी तुम्ही कुठे जाता?" त्यांनी विचारलं.

"घरी जाऊन येते. सायकलनं."

"जेवायला?"

"जेवण डब्यात आणते मी," मी म्हणाले, आणि मग मला माझंच वाक्य ऐकू आलं.

ते खिडकीतून माळाकडे बघत राहिले. शाळा सुरू झाली तेव्हा माळाच्या कडेनं ज्वारी असायची, पुरुषभर उंच. आता तिथं तीन शेड उभ्या होत्या, शेडभोवती भिंती, भिंतीशी वॉचमन. बाभळी तर सरपणाला गेल्या होत्या. "मला तीन मुली आहेत," ते म्हणाले. मग शेरा लिहिला, नीट. मुलींसाठी स्वच्छतागृह नाही, जूनपूर्वी सोय न झाल्यास पुढील वर्षी मान्यता देता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या भोंग्याला मी मागच्या पायवाटेवर उभी राहिले. सुमन येत होती. मी तिच्या हातातला डबा घेतला. तो हलका होता.

"वडील काय खातात, सुमन?"

"कॅन्टीनला जेवतात, बाई."

"मग हा?"

ती पायानं माती उकरत राहिली. "घरी जाताना हातात डबा असला की वॉचमन काही बोलत नाही. हसत नाही. वाटतं, कामाला चाललीय." मग म्हणाली, "सगळ्यांचे रिकामेच असतात, बाई. मंदाचा पण."

"आणि पाणी?"

"सकाळपासून नाही पीत कुणी. तुमच्या भाषणाच्या दिवशी फार तहान लागली होती."

मी अठ्ठावीस-तीस वर्षांची बाई. रोज दुपारी सायकलवर बसून घरी जात होते, कशासाठी जाते ते मला ठाऊक होतं, आणि चाळीस मुली कशासाठी जातात यासाठी मी तांबड्या शाईची खूण केली होती.

संस्थेची सभा बोलावली. विषयपत्रिकेवर मी 'मुलींसाठी संडास' असं लिहिलं. सचिवांनी ते खोडून 'इतर आनुषंगिक सुधारणा' केलं. दोन्ही शब्दांतलं अंतर गाठायला सभेला दीड तास लागला. पूर्ण पाठिंबा होता. सातही जण म्हणाले की सोय झालीच पाहिजे.

"कुणीतरी देणगीदार बघू या," मी म्हणाले.

एक सदस्य सहावं घड्याळ द्यायला तयार होते. कोपऱ्यातल्या दुसऱ्यांनी सरस्वतीची मूर्ती सुचवली.

"बाई, समजून घ्या," आप्पासाहेब म्हणाले. "दिलं तर नाव लावावं लागणार. आता तिथं कोण आपल्या आईचं नाव लावील?"

"मग नाव लावू नका."

"नाव न लावता?" त्यांना खरंच धक्का बसला. "म्हणजे गुप्तदान? लोक म्हणतील, पैसा कुठला."

"मुलींनी सकाळी घरूनच उरकून यावं," एकजण म्हणाले. "शिस्त लागंल."

"तुम्ही सभेला आल्यापासून दोनदा बाहेर जाऊन आलात," मी म्हणाले. सचिवांनी हे इतिवृत्तात घेतलं नाही. मी माझ्या वहीत घेतलं.

आजोबांच्या साहेबांकडे गेले. त्यांनी कौतुक केलं आणि वार्षिक अहवालात छापता येईल असं काही सुचवा म्हणाले. एप्रिल निम्मा गेला. दहावीत अकरा मुली होत्या. मान्यता गेली तर त्यांच्या घरचे दुसरी शाळा शोधणार नव्हते, मुलगा शोधणार होते. सुमनचे वडील एकदा संध्याकाळी येऊन गेले. काही मागितलं नाही. "मॅडम, लागलं तर आमी सुट्टीच्या दिवशी बांधतो, मजुरी नको," एवढंच म्हणाले. मजूर होते. विटा, सिमेंट, पाणी नव्हतं.

अशात एका सकाळी भागूबाई शाळेत आल्या. आप्पासाहेबांच्या आई, मंदाची आजी. सत्तरीच्या, ताठ, नऊवारी, कपाळावर आडवं गोंदण. वर्गाच्या दाराशी येऊन मला हाक मारली.

"ए बाई, पोरीला न्ह्यायला आले."

"का हो आजी?"

"डॉक्टर म्हनला, लघवीची जागा सुजलीया. ताप उतरंना. पानी पीत न्हाई आन् धरून ठिवती म्हनं दिसभर. बास झाली साळा."

मी म्हणाले, "आजी, चूक माझी आहे."

त्या पायरीवर बसल्या. मीही बसले.

"तुजी कशी? तू काय ज्वारी कापली?" त्या म्हणाल्या. "पूर्वी आडोशाला ज्वारी तरी व्हती. आता वॉचमन हाय." मग तोंडात मिश्री फिरवत म्हणाल्या, "मी नवी नवरी आले तवा बारा वर्साची. आमचं मामंजी, खंडूजी पाटील. मोटं नाव. दिवस उगवायच्या आदी वट्यावर येऊन बसायचं, आन् दिवा लागला की उठायचं. रानात जायची वाट वट्यावरनं. सासऱ्याच्या समूरनं सुना जायच्या न्हाईत. चार जावा आमी. दिसभर पोटात कळ घिऊन दळायचं. पयल्यांदा गरोदर व्हते तवा..." त्या थांबल्या. "ते न्हाई जगलं. ऱ्हाऊ दे."

आतल्या वर्गात कुणीतरी भूगोल मोठ्यानं वाचत होतं.

"किती लागतं बांदायला?" भागूबाईंनी विचारलं.

मी सांगितलं.

"आप्पा न्हाई म्हनला न्हवं? त्याला रोडकडच्या तुकड्याच्या कागदावर माझा अंगठा पायजे. नवरा गेल्यावर ती जमीन माझ्या नावावर हाय. दोन म्हयनं मागं लागलाय." त्या उठल्या. "आंगठा दीन मी. आदी हितं वीट लागू दे. पर एक. पाटी लावायची."

"तुमच्या नावाची?"

"माझ्या कशाला? मी काय मेले? मामंजींच्या. संगमरवरी पायजे. आप्पाच्या कमानीवर हाय तसली."

आप्पासाहेब माझ्या घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. "बाई, तुम्ही आईला समजवा. माझ्या आजोबांचं नाव, तिथं? गाव हसेल."

"मी कशी समजावू? देणगीदाराच्या भावनांचा प्रश्न आहे," मी म्हणाले. हे वाक्य त्यांनीच मला घड्याळांच्या वेळी ऐकवलं होतं.

"निदान पाटी आतल्या बाजूला लावा."

"आत कोण वाचणार?"

बांधकाम पाच आठवड्यांत झालं. सुमनच्या वडिलांनी पाळ्या बदलून घेतल्या आणि सोबत्यांसह रोज विटा रचल्या. चार खोल्या, दारांना आतून कड्या, पाण्याची टाकी. कड्या मी स्वतः ओढून पाहिल्या, प्रत्येक दार तीनदा. बाहेर, दर्शनी, 'कै. खंडूजी पाटील यांच्या स्मरणार्थ'.

उद्घाटनाची पत्रिका सचिवांनी छापली. त्यात 'नूतन वास्तू' असं होतं. कसली ते कुठेच नव्हतं, त्यामुळे गर्दी चांगली झाली. आप्पासाहेबांनी आपल्या कमानीखालून येऊन फीत कापली. नारळ फोडला. टाळ्या वाजवायच्या की नाही हे लोकांना ठरवता येईना. कुणीतरी भागूबाईंना म्हणालं, "आजी, दोन शब्द बोला."

त्या बसल्या जागेवरून बोलल्या. "मामंजी जलमभर वाटंत बसलं. आता वाट दावत हुभं ऱ्हातील." आणि पदर सावरला. बायका आधी हसल्या. मग पुरुषांना हसावं लागलं.

मंदा त्या समारंभाला होती. नव्या साडीत, हातभर चुडा. मे महिन्यातच तिचं लग्न झालं होतं, चाकणकडे दिलं. ताप उतरला होता, पण घरच्यांनी मग शाळेचं नाव काढलं नाही, आणि मी समजवायला गेले तेव्हा लग्नाच्या पत्रिका छापून झाल्या होत्या. भागूबाईंनी ज्या नातीसाठी हे केलं ती त्या दारातून एकदाही विद्यार्थिनी म्हणून गेली नाही. तिनं मला नमस्कार केला आणि म्हणाली, "कड्या छान आहेत, बाई." ईरा, तुझ्या निबंधातल्या बाईच्या आयुष्यात अशी एखादी मंदा असणारच. पुस्तकात ती येत नाही. तेवढं मास्तरांना विचार.

जूनच्या आधी तपासनीस आले. सगळं पाहिलं. पाटीपाशी बराच वेळ थांबले, घसा खाकरला आणि शेरा लिहिला. सोय समाधानकारक, देणगीदाराचे नाव दर्शनी भागी योग्य प्रकारे लावले आहे. मान्यता मिळाली. पुढच्या वर्षी दहा मुली मॅट्रिकला बसल्या, आठ पास झाल्या. सुमन पहिली आली. पुढे ती नर्स झाली, आणि माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा तिनंच मला उपाशी ठेवून वर दटावलं. पास न झालेल्या दोघींची नावंही मला पाठ आहेत. मी त्यांना बीजगणित वाईट शिकवलं.

'ड'ची खूण मी त्याच जूनमध्ये बंद केली. तो जुना हजेरीपट ठेवून दिला आहे. कुणी मला सत्काराला बोलावलं, 'दूरदृष्टी' हा शब्द कानावर आला, की घरी येऊन मी तो उघडते. तांबडी शाई टिकाऊ होती.

मी अठ्ठ्याण्णव साली निवृत्त झाले. आता काय उरलं आहे ते लिहिते, म्हणजे तुझा तिसरा प्रश्न सुटेल. कमान रस्तारुंदीत गेली, मोर कुणी नेले माहीत नाही. घड्याळं बंद पडली. खोक्यांचे बाक एका होळीत गेले. माळ नाही, इमारती आहेत. आप्पासाहेब गेले, भागूबाई त्यांच्याही आधी गेल्या. शाळा तीन मजली आहे आणि तिथं आता मुलगेही शिकतात. संडास दोनदा पाडून नवे बांधले. दोन्ही वेळा ती संगमरवरी पाटी काढून पुन्हा दर्शनी लावली, कारण काढून टाकायची कुणाची हिंमत झाली नाही. मागच्या महिन्यात मी रिक्षानं जाऊन बघून आले. दारांना आतून कड्या आहेत, नळाला पाणी आहे, आणि पाणपोईचा रांजण दुपारच्या आत रिकामा होतो.

तुमची,
आजी